साडेचारला अंधार, म्हणून न्युर्नबर्ग

डिसेंबरात जर्मनीला जायचं असं मी सांगितलं, तेव्हा आईने थंडीबद्दल काही विचारलंच नाही. तिचा पहिला प्रश्न होता, "स्टेशनापासून राहायचं घर किती लांब?"

आईचं वय ७१. उजवा गुडघा कुरकुरणारा, हातात काठी. मी, नवरा आणि ती असे तिघं जाणार होतो. मला डिसेंबरातलं जर्मनी बघायचं होतं. उन्हाळ्यातलं फोटोत खूप पाहून झालं होतं. रोज बॅग भरून नव्या गावी जाणं आईला झेपलं नसतं. म्हणून एकाच गावी नऊ रात्री मुक्काम करायचा, तिथून सकाळी रेल्वेने आजूबाजूची गावं बघायची आणि रात्री परत यायचं, एवढं २०२४च्या जूनमध्ये ठरलं. कोणतं गाव, ते ठरायला मात्र जुलै संपला.

नवऱ्याचं मत म्युनिक, कारण सगळे तिथेच जातात. माझ्या मनात काही दिवस ब्रेमेन होतं. पुण्यात औंधला ब्रेमेन चौक आहे आणि त्या चौकातून मी वर्षानुवर्षं गेले आहे, यापलीकडे माझ्याकडे कारण नव्हतं. हायडेलबर्ग सगळ्यांना आवडलं, पण नकाशावर पाहिलं तर स्टेशन जुन्या गावापासून दोन-अडीच किलोमीटर दूर, म्हणजे रोज दोनदा ट्राम. ड्रेस्डेन शेवटपर्यंत शर्यतीत होतं. तिथला नाताळबाजार १४३४ सालापासूनचा, आणि माइसेन, बाउट्झेन, ग्योर्लिट्स अशी गावं हाताशी. पण मुंबईहून जाताना एक विमान बदलायचं किंवा फ्रँकफर्टहून लांबचा रेल्वेप्रवास करायचा, हे पहिल्याच दिवशी आईला जड गेलं असतं. रोथेनबुर्गलाच राहावं असंही एकदा वाटलं. ते चित्रातल्यासारखं गाव आहे खरं, पण तिथून कुठेही जायचं तर आधी एका छोट्या फाट्यावर गाडी बदलावी लागते.

निवडीची माझी पहिली पद्धतच चुकीची होती. प्रत्येक गावाहून दिवसात काय काय बघता येईल, याच्या याद्या मी करत बसले होते. मग एका रात्री सूर्यास्ताची वेळ पाहिली. डिसेंबरच्या सुरुवातीला त्या भागात सूर्य आठच्या सुमाराला उगवतो आणि सव्वाचारला मावळतो. साडेचारला काळोख! म्हणजे रोजचा निम्मा जागेपणीचा वेळ अंधारात जाणार, आणि तो मुक्कामाच्या गावात जाणार. तेव्हा प्रश्न उलटा झाला. दिवसा कुठे जाता येतं यापेक्षा संध्याकाळी पाचला गाडीतून उतरल्यावर काय, हे महत्त्वाचं. रस्त्यावर उजेड आणि माणसं आहेत का? चढ किती? काठी टेकत एक म्हातारी बाई घरापर्यंत न घाबरता येईल का? आईने हे पहिल्याच दिवशी एका वाक्यात विचारलं होतं.

या चाळणीतून न्युर्नबर्ग उरलं. आपण त्याला नाझी नेत्यांवरच्या 'न्यूरेंबर्ग खटल्या'मुळे ओळखतो तेच. मुख्य स्टेशन जुन्या तटबंदीच्या अगदी बाहेर. रस्ता ओलांडला की बुरुज, आत शिरलं की क्योनिगष्ट्रासे नावाचा रस्ता, पुढे लोरेन्झ चर्च, मग पेग्निट्झ नदीवरचा पूल आणि पलीकडे बाजाराचा मुख्य चौक. सगळं मिळून जेमतेम एक किलोमीटर, त्यातही बराचसा भाग फक्त चालणाऱ्यांचा. नदीपर्यंत हलका उतार आहे. खरा चढ चौकाच्या पलीकडे, किल्ल्याकडे जाताना लागतो. म्हणून घर नदीच्या अलीकडे, लोरेन्झ चर्चच्या बाजूला घ्यायचं ठरलं. पावलं कंटाळली तर चर्चपाशीच भुयारी रेल्वेचं स्टेशन आहे.

घर शोधताना मी फक्त दोन गोष्टींवर अडून बसले: लिफ्ट आणि फुकट रद्द करायची सोय. व्हिसा हातात नसताना पैसे अडकवू नका. छोटं स्वयंपाकघर असलेली जागा नऊ रात्रींसाठी १,०६० युरोंना मिळाली. नाताळबाजार सुरू असताना शुक्रवार-शनिवारचे दर फार चढतात. आमच्या दोन शनिवार-रविवारांऐवजी एकच येईल अशा तारखा घेतल्या, तेव्हा कुठे आकडा खाली आला. बाजार अ‍ॅडव्हेंटच्या (नाताळाआधीच्या चार रविवारांचा काळ) पहिल्या रविवारआधीच्या शुक्रवारी उघडतो आणि २४ डिसेंबरला बंद होतो. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला उघडला. आम्ही ५ ते १४ डिसेंबर घेतलं. नाताळच्या अगदी जवळ जाऊ नका. २४ तारखेला दुपारपासून दुकानं बंद होतात, २५ आणि २६ सुट्टी.

व्हिसासाठी ऑगस्टमध्ये वेळ शोधायला बसले तर पुण्याच्या केंद्रात आठवडेच्या आठवडे रिकामे दिसेनात. रोज सकाळी चहाबरोबर ते पान उघडायचं, असा नेम झाला. शेवटी मिळाली ती १८ सप्टेंबर, सकाळी साडेनऊ. मी आनंदाने ती पकडली आणि मग कॅलेंडर पाहिलं. अनंत चतुर्दशी १७ला! आम्ही शनिवार पेठेत राहतो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या भागातून रिक्षा मिळवणं म्हणजे काय, हे पुणेकरांना सांगायला नको. तिघं रात्रभर ढोल ऐकत जागे, सकाळी साडेसातला फायली छातीशी धरून गुलाल तुडवत नदीपात्राकडे चालत निघालो आणि पूल ओलांडल्यावर रिक्षा मिळाली. आईचा सराव तिथेच सुरू झाला म्हणायचा.

कागदपत्रं नेहमीचीच: अर्ज, पासपोर्ट, फोटो, बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रं, नवऱ्याच्या कचेरीचं रजेचं पत्र, आईच्या निवृत्तिवेतनाचे कागद, विमानाचं आरक्षण आणि किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा. विम्याला आमचे दोघांचे अकराशे-अकराशे रुपये आणि आईचे एकटीचे २,९०० लागले; सत्तरीनंतर हप्ता उडी मारतो. व्हिसाची फी त्या वर्षी जूनमध्ये ८०वरून ९० युरो झाली होती, म्हणजे माणशी आठ हजारांच्या आसपास, शिवाय केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. एकाच गावी मुक्काम असल्याचा इथे अनपेक्षित फायदा झाला. राहण्याचा एकच कागद, प्रवासाचा आराखडा एका पानाचा. समोरच्या मुलीने तो वाचून मान हलवली आणि पुढचं पान मागितलं.

अडलं ते दोन जागी. आईच्या फोटोत चष्म्यावर चमक आली होती म्हणून तो परत काढायला लावला, तिथेच, बाहेरच्या तिप्पट दराने. आणि पासपोर्टवर आईचं नाव वडिलांच्या नावासकट, तर बँकेच्या पुस्तकात नुसतं आद्याक्षर. मी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून नेलं होतं, ते कामी आलं. तुमच्या घरी कुणाच्या नावात असा घोळ असेल तर आधीच करून ठेवा. तिथे जाऊन ऐन वेळी ही धावपळ जमत नाही. बाराव्या दिवशी, ३० सप्टेंबरला, पासपोर्ट घरी आले. ते बारा दिवस मी घर रद्द करायची शेवटची तारीख रोज बघत होते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर तयारीचे. बूट पुण्यात घेतले आणि आईने ते घालून सारसबागेत महिनाभर फेऱ्या मारल्या. ऑक्टोबरच्या उकाड्यात लोकरी मोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट घातलेल्या बाईकडे लोक बघायचे. ती म्हणायची, "बघू देत, पडले तर हे उचलायला येणार आहेत का?" काठीचं खालचं रबर बदललं, ते फार महत्त्वाचं. फोडणीच्या डब्याबरोबर भाजणी आणि मूगडाळ घेतली. तूप, पेढे, खवा मात्र नेऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात प्रवाशाला सामानातून नेता येत नाहीत.

तिकिटांचा हिशेब नवऱ्याने मांडला. बवेरिया राज्यापुरतं एक दिवसाचं गट-तिकीट मिळतं, बायर्न-टिकेट. तिघांचे तेव्हा दिवसाला ४९ युरो होत होते. चार सहली म्हणजे १९६. त्याउलट डॉइचलांडटिकेट, देशभरातल्या सगळ्या प्रादेशिक गाड्या, ट्राम, बस, भुयारी रेल्वे यांना चालणारा महिन्याचा पास, तेव्हा माणशी ४९ युरो, तिघांचे १४७. (२०२५ला तो ५८ झाला, २०२६पासून ६३, तेव्हा हिशेब आपापला पुन्हा करा.) पैशांपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच होती. बायर्न-टिकेट सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच चालतं, आणि जिथे उजेडच आठ तास तिथे नऊपर्यंत वाट बघणं परवडत नाही. पास घेतले. प्रत्येकाच्या नावावर वेगळा, आणि भारतीय क्रेडिट कार्ड स्वीकारणारं अ‍ॅप सापडायला एक अख्खी संध्याकाळ. मुख्य मेख अशी की ही वर्गणी आहे. महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केली नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे जातात. आम्ही फ्रिजवर चिठ्ठी लावली होती. अर्थात फ्रिज पुण्यात राहिला. १० डिसेंबरच्या रात्री साडेनऊला मूगडाळीची खिचडी ढवळता ढवळता मला ते आठवलं, आणि नवरा हात न धुता फोनकडे धावला.

५ डिसेंबरला सकाळी फ्रँकफर्टला उतरलो. विमानतळाला लागूनच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे आणि न्युर्नबर्गला थेट गाडी मिळते, दोन तासांहून थोडी जास्त. स्वस्त तिकीट त्या एकाच गाडीला बांधलेलं असतं, म्हणून विमान आणि गाडी यांत तीन तासांची फट ठेवली होती. ती पूर्ण वापरली गेली. इमिग्रेशनच्या रांगेतच सव्वा तास गेला. जागेचं आरक्षण तिकिटात धरलेलं नसतं. ते वेगळे पैसे भरून करा, निदान म्हाताऱ्या माणसासाठी तरी.

न्युर्नबर्गला स्टेशनाबाहेर पडून घरापर्यंत आईने घड्याळ लावलं. अकरा मिनिटं. मग म्हणाली, "ठीक आहे." तिच्या तोंडून हे शब्द म्हणजे प्रमाणपत्रच.

दुसऱ्या दिवशी कुठेही गेलो नाही, आणि हे सगळ्यांनी करावं. पहाटे साडेचारला जाग आलीच होती. दुपारी बाराच्या आधी बाजाराच्या चौकातल्या फ्राउएनकिर्शे चर्चसमोर जाऊन उभे राहिलो. तिथल्या १५०९ सालच्या घड्याळात रोज बाराला सात राजपुरुष सम्राट चौथ्या कार्लभोवती फेऱ्या घालतात. आईला बहुधा दहीहंडीएवढं काहीतरी अपेक्षित असावं. "एवढंच?" ती म्हणाली. पण खाली पसरलेला बाजार तिला मनापासून आवडला. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाचं छत असलेली लाकडी दुकानं, सुक्या आलुबुखारांपासून केलेल्या बाहुल्या, आल्या-दालचिनीच्या वासाचे लेबकुखेन नावाचे केक. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. बटाट्याची कुरकुरीत थालीपिठं सफरचंदाच्या गोड गराबरोबर देतात; आईने तो गर बाजूला सारून खिशातून लिंबाच्या लोणच्याची पुडी काढली. भाजलेले चेस्टनट, साखरेतले बदाम आणि मुलांसाठीचं बिनदारूचं गरम फळपेय होतंच. पेयाच्या कपाचं डिपॉझिट आधी घेतात, कप परत केला की पैसे परत. रोख पैसे जवळ असू द्या.

शनिवारी ७ तारखेला बांबेर्ग. शनिवारी न्युर्नबर्गच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा आम्ही बाहेर पडलो. समोरून येणाऱ्या गाड्या खचाखच आणि आमची बाहेर जाणारी जवळजवळ रिकामी. मोठ्या गावी राहून लहान गावी जाण्याचा हा फायदा मला कुणी सांगितला नव्हता. बांबेर्गला स्टेशनापासून जुनं गाव पंधरा-वीस मिनिटं. नदीच्या मधोमध पुलावर उभी असलेली जुनी नगरपालिका बघून आई तिथल्याच बाकावर बसली आणि हलेना. वरच्या कॅथेड्रलकडचा रस्ता गोट्यांच्या फरसबंदीचा आणि चढाचा. ओला असेल तर काठीवाल्यांनी सरळ बस घ्यावी, पासात येते. तिथली प्रसिद्ध धुरकट बिअर नवऱ्याने मोठ्या उत्साहाने मागवली. "चुलीतलं लाकूड विझवून गाळल्यासारखी आहे," म्हणाला, आणि अख्खी संपवली.

रविवारी दुकानं बंद असतात हे माहीत असूनही शनिवारी रात्री दूध आणायला विसरलो. मोठ्या स्टेशनातली दुकानं उघडी असतात, तिथे मिळालं. त्या दिवशी भुयारी रेल्वेने बेरेनशांत्सेला उतरून ६०० क्रमांकाचं न्यायदालन पाहिलं. २० नोव्हेंबर १९४५ ते १ ऑक्टोबर १९४६ या काळात इथे खटला चालला. साधी लाकडी खोली आहे. आम्ही तिघंही बाहेर आल्यावर बराच वेळ बोललो नाही. ज्या जुन्या गावात आम्ही रोज फिरत होतो, ते २ जानेवारी १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जवळजवळ सगळं पडलं होतं आणि नंतर पुन्हा बांधलं, हे तिथून परतताना मला आठवत राहिलं. त्या दिवसापासून भिंतीतले नवे-जुने दगड मी वेगळे बघायला लागले.

सोमवारी रोथेनबुर्ग. या सहलीवर माझा सगळ्यात जास्त जीव होता आणि तीच सगळ्यात थकवणारी ठरली. आन्सबाख आणि श्टाइनाख, दोनदा गाडी बदलायची. जाताना पहिली गाडी दहा मिनिटं उशिरा आली आणि पुढची जोडगाडी समोरून निघून गेली. उघड्या फलाटावर जवळपास तासभर उभं राहिलो. थर्मासमधल्या चहाने वाचवलं. तो रोज जवळ ठेवा. गाव मात्र खरंच तसं आहे, तटबंदी, लाकडी चौकटींची घरं, उतरते रस्ते. तटावरच्या छपराखालून नवरा एकटा चालून आला. भिंतीत जागोजागी देणगीदारांची नावं कोरलेली आहेत, म्हणाला. मी नि आई एका बेकरीत 'श्नेबाल' खात बसलो. पिठाच्या पट्ट्या गोळा करून तळलेल्या आणि वर पिठीसाखर. आईचा निकाल: चिरोट्याचा घाणा बिघडला की असं होतं. सव्वाचारला अंधार पडला, आणि घरी पोचायला सात. गुडघेदुखी असेल तर ही सहल पहिल्या गाडीने करा, नाहीतर करूच नका.

बुधवारी रेगेन्सबुर्ग. तिथला बाराव्या शतकातला दगडी पूल आणि त्याखालची डॅन्यूब. पुलावर असा वारा होता की अर्ध्यावरून परत फिरलो.

गुरुवारी व्ह्युर्त्सबुर्ग ठरलं होतं. सकाळी आईचा गुडघा सुजलेला. नवरा एकटा गेला, तिथल्या राजवाड्यातलं तिएपोलो या चित्रकाराचं छतचित्र बघून मान आखडून आला. आम्ही दोघी घरी. दुपारी मला गाढ झोप लागली. उठले तेव्हा पाच वाजून गेले होते, बाहेर काळोख, आणि आई घरात नव्हती. काठी नव्हती, बूट नव्हते. फोन तिने टेबलावरच ठेवलेला.

मी कोट चढवून जिन्यापर्यंत आले तर लिफ्टचं दार उघडलं. आई! नाक लाल, हातात कागदी पिशवी, पिशवीत लेबकुखेनचे तुटके तुकडे. अख्ख्यांपेक्षा स्वस्त देतात म्हणे. ती पुलापलीकडे चौकात जाऊन, दोन दुकानांत खुणांनी घासाघीस करून, एका बाकावर बसून बँडवाल्यांचं ऐकून आली होती. पुण्यात दिवेलागणीनंतर ती एकटी कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही जात नाही. रस्ता खोदलेला असतो, दुचाक्या फुटपाथवर चढतात.

"अगं, सरळ तर रस्ता आहे," ती म्हणाली. "चर्चचे दोन मनोरे दिसतात, तिकडे चालायचं."

तिघांचा मिळून खर्च साडेचार लाखांच्या आसपास झाला. विमानाचे माणशी ६१,००० त्यात सगळ्यात मोठे. कपडे-बुटांचे चोवीस हजार मी आधी धरलेच नव्हते, तुम्ही धरा. स्टेशनातल्या स्वच्छतागृहाला एकेक युरो पडतो, नाणी खिशात हवीत. त्या नव्वद रुपयांवर आई अजूनही बोलते.

निघण्याआधी पुण्यातच मी तिला एका जाड कार्डावर जर्मनमध्ये लिहून दिलं होतं: मी इथे राहते, मला घरी पोचवायला मदत करा. खाली पत्ता. नऊ दिवसांत ते एकदाही बाहेर निघालं नाही. परवा तिची पर्स नीट करताना पाहिलं, पीएमपी बसच्या ज्येष्ठ नागरिक पासाच्या मागे ते अजून तसंच आहे. टाकून देऊ का विचारलं, तर म्हणाली, "राहू दे, फक्त पत्ता बदलून आपला लिही."